आपला फोटो भलतीकडेच दिसला? मग घाईत या चुका टाळा

माझ्या मावसबहिणीचा साखरपुड्यातला फोटो, हिरवी पैठणी, नथ, केसात गजरा, असा एका साड्या विकणाऱ्या पेजवर दिसला आणि खाली लिहिलेलं, "फक्त 1,499, फ्री डिलिव्हरी, फोटोत दिसतो तोच कलर मिळेल". आम्हाला कळलं कसं, तर तिच्या होणाऱ्या नणंदेने लिंक पाठवली आणि विचारलं, "वहिनी, तुम्ही मॉडेलिंग करता हे बोलला नाहीत कधी." तिला काय उत्तर द्यावं तेच कळेना, दोन दिवस नीट जेवली पण नाही. तिने काहीच केलेलं नव्हतं तरी खुलासे तिलाच द्यावे लागत होते.

तो फोटो उतरवायला आम्हाला अकरा दिवस लागले. एवढे लागायची गरज नव्हती, आम्ही घाबरून आणि चिडून सगळं उलट्या क्रमाने केलं म्हणून लागले. नंतर ओळखीतल्या तीन-चार जणींना अशाच प्रकरणात मदत केली, त्यातली दोन याहून खूप गंभीर होती, आणि दर वेळी पहिल्या एक-दोन तासांत त्याच चुका होताना बघितल्या, म्हणून हे लिहितोय.

आधी भांडण आणि मग स्क्रीनशॉट

लिंक आल्या आल्या आमच्या भावाने त्या पेजवर कमेंट टाकली, शिव्या आणि पोलिसांची धमकी सगळं त्यात. पाच मिनिटांत त्यांनी आम्हाला ब्लॉक केलं. फोटो काही काढला नाही, फक्त आम्हाला दिसायचा बंद झाला, बाकी जगाला दिसतच होता. दुसऱ्या दिवशी पेजचं नावही बदललं. आणि आमच्या हातात काय, तर नणंदेने पाठवलेला एक कापलेला स्क्रीनशॉट, ज्यात ना लिंक, ना तारीख, ना पेजचं नाव.

त्यामुळे पहिली गोष्ट, काहीही बोलायच्या आधी जमा करा. पोस्टची पूर्ण लिंक कॉपी करून ठेवा (पेजची वेगळी, पोस्टची वेगळी). अकाउंटचं दिसणारं नाव कुणीही कधीही बदलतं, म्हणून युजरनेम लिहून घ्या. फेसबुक पेजवर पेज ट्रान्सपरन्सी नावाचा भाग असतो, त्यात पेज कधी बनवलं, आधी काय नाव होतं हे दिसतं, इन्स्टावर अबाउट धिस अकाउंटमध्ये अकाउंट कधी उघडलं ते कळतं, त्याचाही स्क्रीनशॉट घ्या. फोटो जाहिरातीत वापरला असेल तर मेटाच्या ॲड लायब्ररीत पेजचं नाव टाकून चालू जाहिराती शोधता येतात आणि प्रत्येक जाहिरातीला आयडी नंबर असतो, तो नंबर फार कामाचा. जमलं तर लॅपटॉपवर उघडून स्क्रीनशॉट घ्या म्हणजे वरची लिंक आणि खालची तारीख-वेळ दोन्ही एकाच चित्रात येतात, आणि एक स्क्रीन रेकॉर्डिंग पण करा, पेजवरून पोस्टवर जाताना.

स्क्रीनशॉट कापू नका, त्यावर लाल गोल काढू नका, काढायचाच तर कॉपीवर काढा. उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 खाली डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं (आधी हेच 65 ब होतं), आणि तेव्हा मूळ फाईल कुठे आहे हा प्रश्न येतोच. व्हॉट्सॲपवरून फिरलेला फोटो दाबून लहान होतो आणि त्यातली तारीख, कॅमेरा वगैरे आतली माहिती निघून जाते, म्हणून तुमचा स्वतःचा मूळ फोटो सुद्धा फोनमधला किंवा फोटोग्राफरने दिलेल्या पेनड्राईव्हमधला शोधून बाजूला ठेवा.

"सगळ्यांनी रिपोर्ट मारा रे"

आमच्या फॅमिली ग्रुपवर हाच मेसेज फिरला, आणि त्यासोबत फोटो. ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर, तिथून भावकीच्या, मग सोसायटीच्या. संध्याकाळपर्यंत ज्यांना माहीतही नव्हतं अशा दोनशे लोकांकडे तो स्क्रीनशॉट पोचला होता. शंभर जणांनी चुकीच्या कारणाखाली रिपोर्ट मारण्यापेक्षा फोटोतल्या माणसाने स्वतः योग्य कारणाखाली केलेला एक रिपोर्ट जास्त कामाचा. फोटो साधा असेल तर दोन विश्वासातल्या माणसांना नुसती लिंक द्या, साक्षीदार म्हणून त्यांनीही बघून ठेवावी. फोटो खासगी किंवा मॉर्फ केलेला (म्हणजे चेहरा दुसऱ्याच फोटोवर लावून बनवलेला) असेल तर मात्र कुणालाही, अगदी कुणालाही, फॉरवर्ड करायचा नाही. अश्लील मजकूर पुढे पाठवणं हा आयटी कायद्याच्या कलम 67 खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि "मी मदत म्हणून पाठवला" असं म्हणायची वेळ तुमच्या काकांवर यायला नको.

चुकीच्या खिडकीत तक्रार

सगळ्यात जास्त दिवस इथे वाया जातात. आम्ही सगळ्यांनी मिळून रिपोर्ट केला तो "स्पॅम" म्हणून. उत्तर आलं की नियमांचा भंग आढळला नाही. परत केला, परत तेच. बरोबरच आहे, तपासणाऱ्याच्या समोर एका बाईचा साडीतला फोटो आहे, त्यात स्पॅम काय दिसणार? ती बाई कोण आणि तिने परवानगी दिलेली नाही हे त्याला कुठून कळणार?

म्हणून आधी ठरवा की नेमकं काय झालंय. तुमचं नाव आणि फोटो लावून कुणी खोटं अकाउंट चालवत असेल तर ते इम्पर्सोनेशन, म्हणजे तोतयेगिरी. याचा फॉर्म तुमचं अकाउंट नसेल तरी भरता येतो, ओळखपत्र मागतात. आणि इथे एक मोठी चूक होते, लोक घाबरून स्वतःचं खरं अकाउंट डिलीट करतात. मग खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे दाखवायचं कशाने? अकाउंट प्रायव्हेट करा, हवं तर, पण प्रकरण मिटेपर्यंत उडवू नका.

नाव तुमचं नाही पण फोटो तुमचा, जसा आमचा साडीवाला प्रकार, तिथे कॉपीराईटची खिडकी सगळ्यात लवकर उघडते. पण त्यासाठी फोटोचा मालक कोण हे माहीत पाहिजे आणि इथे बहुतेकांचा गोंधळ असतो. फोटोत मी आहे म्हणजे फोटो माझा, असं कायदा म्हणत नाही. कॉपीराईट कायदा 1957, कलम 17, साधारणपणे ज्याने फोटो काढला तो पहिला मालक. सेल्फी असेल तर तुम्ही, मैत्रिणीने काढला असेल तर मैत्रीण. पण त्याच कलमात एक महत्त्वाची गोष्ट आहे की पैसे देऊन कुणाला फोटो काढायला सांगितलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालक पैसे देणारा. म्हणजे लग्नाच्या, साखरपुड्याच्या, बारशाच्या फोटोंचे मालक सहसा आपणच असतो, स्टुडिओ नाही. अर्थात बुकिंगच्या पावतीमागे बारीक अक्षरात "फोटो जाहिरातीसाठी वापरू" असं लिहून तुम्ही सही केली असेल तर गोष्ट बदलते, म्हणून ॲडव्हान्स देताना तो कागद वाचा आणि ती ओळ खोडून सही करा, चांगला फोटोग्राफर त्याला नाही म्हणत नाही.

आमच्याकडे फोटोग्राफरला पैसे काकांनी दिले होते, करार काही नव्हता, म्हणून तक्रार काकांच्या नावाने केली, सोबत मूळ फाईल आणि पैसे दिल्याची पावती. फोटो दोन दिवसांत गेला. आधीचे नऊ दिवस आम्ही स्पॅम स्पॅम करत बसलो होतो. कॉपीराईट नियमांमध्ये तक्रारीनंतर मजकूर बंद करायला वेबसाईटसाठी 36 तासांची मुदत लिहिलेली आहे आणि 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर ती साईट मजकूर परत चालू करू शकते हेही लिहिलंय, त्यामुळे समोरचा अडून बसणारा असेल तर वकिलाशी आधीच बोलून ठेवा.

पण थांबा, एक धोका आहे. फेसबुक-इन्स्टावर कॉपीराईटची तक्रार केली की तक्रारदाराचं नाव आणि ईमेल समोरच्याला कळवतात. दुकानदाराच्या बाबतीत ठीक आहे. पण फोटो टाकणारा जर मागे लागलेला माणूस असेल, जुना मित्र असेल, तर हा रस्ता घेऊ नका, तिथे छळ किंवा प्रायव्हसीच्या खिडकीतून जा, त्यात तुमचं नाव समोरच्याला जात नाही.

दाद मिळालीच नाही तर पुढे जाता येतं हे फार कमी लोकांना माहीत आहे. 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे मोठ्या सोशल मीडिया कंपन्यांना भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याला लेखी तक्रार करा, ॲपमधलं रिपोर्ट बटण दाबणं आणि हे एक नाही. त्याचा निर्णय पटला नाही तर सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे 30 दिवसांत ऑनलाईन अपील करता येतं, जीएसी डॉट गव्ह डॉट इन वर.

"तूच टाकलास ना पब्लिक, मग?"

हे वाक्य घरातलेच बोलतात आणि तेच जास्त टोचतं. फोटो लोकांना दिसू दिला म्हणजे तो वापरायला दिला असं होत नाही. खाली "क्रेडिट्स टू ओनर" लिहिल्यानेही होत नाही. 24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे हे एकमताने सांगितलंय.

आणि अगदी आपल्याकडची गोष्ट बघा. गावातल्याच एका फोटोग्राफरने एका बाईचा फोटो काढला आणि तिला न विचारता शटरस्टॉक या फोटो विकणाऱ्या साईटवर टाकला. तिथून तो वेगवेगळ्या राज्य सरकारांच्या आणि एका राजकीय पक्षाच्या जाहिरातींत पोचला. त्या बाई मुंबई हायकोर्टात गेल्या आणि मार्च 2025 मध्ये कोर्टाने केंद्र सरकार, महाराष्ट्रासह चार राज्यं, तो पक्ष आणि ती कंपनी या सगळ्यांना उत्तर द्यायला सांगितलं, विषय गंभीर आहे असंही म्हटलं. मला यात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की तो फोटो त्या बाईंनी स्वतः ऑनलाईन टाकलेलाच नव्हता, त्यामुळे "सोशल मीडिया वापरू नका म्हणजे प्रश्न नाही" हा सल्ला पण खोटा ठरतो.

नवीन डेटा कायद्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. 2023 चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आला म्हणून लोक खूश आहेत पण माणसाने स्वतःहून पब्लिक केलेल्या माहितीला तो लागू होत नाही असं त्यातच लिहिलंय. म्हणजे पब्लिक प्रोफाईलवरून उचललेल्या फोटोसाठी कॉपीराईट, आयटी कायदा, भारतीय न्याय संहिता (आयपीसीच्या जागी आलेला कायदा) हेच रस्ते.

क्लासवाल्यांबद्दल पण सांगतो, कारण दहावी-बारावीचा किंवा एमपीएससीचा निकाल लागला की चौकाचौकात फ्लेक्स लागतात आणि कधी कधी त्यावर असं पोरगं असतं जे त्या क्लासला एक मॉक इंटरव्ह्यू द्यायला गेलं होतं बस. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 13 नोव्हेंबर 2024 ला कोचिंग क्लासेसच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात विद्यार्थ्याचं नाव, फोटो वापरायचा तर त्याची लेखी परवानगी पाहिजे आणि ती निवड झाल्यानंतर घेतलेली पाहिजे, ॲडमिशनच्या फॉर्ममध्ये आधीच सही घेऊन ठेवलेली चालत नाही. फ्लेक्सचा फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा आणि ग्राहक हेल्पलाईन 1915 ला तक्रार करा.

फोटो खासगी असेल किंवा मॉर्फ केलेला असेल

इथे सगळं वेगळं आहे, आणि कृपया हा भाग घरातल्या मुलींना आणि मुलांना दोघांनाही दाखवा, कारण पैसे उकळणाऱ्यांच्या जाळ्यात मुलगेही अडकतात.

पहिली चूक म्हणजे पैसे देणं. एकदा दिले की पुढचा आकडा येतो, मी बघितलेल्या एका प्रकरणात 5,000 पासून सुरू झालं आणि तीन दिवसांत तिसऱ्यांदा मागणी आली, फोटो डिलीट झाल्याचा कुठलाही पुरावा कधीच मिळत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 ला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम गोठवली जायची शक्यता जास्त. दुसरी चूक, "आम्ही फोटो काढून देतो" म्हणणाऱ्या टेलिग्राम-इन्स्टावरच्या हॅकर लोकांना पैसे देणं आणि वर तो फोटो त्यांनाच पाठवणं. तिसरी, पुरावा म्हणून ते पान एखाद्या पब्लिक अर्काईव्ह साईटवर सेव्ह करणं, साध्या फोटोसाठी हे ठीक पण इथे तुम्ही स्वतःच आणखी एक कॉपी तयार करता.

काय करायचं, तर स्टॉप एनसीआयआय डॉट ऑर्ग ही साईट आहे, डिसेंबर 2021 पासून चालू, इंग्लंडमधली संस्था चालवते आणि फुकट आहे. तुमचा फोटो तिकडे अपलोड होत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा एक डिजिटल ठसा, म्हणजे हॅश, तयार होतो आणि फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टासारख्या सामील कंपन्यांकडे जातो, मग तोच फोटो कुणी टाकायला गेलं की जुळवून अडवता येतो. फोटो अजून कुठे टाकलेला नाही, नुसती धमकी आहे, तरी वापरता येतं, आणि खरं तर तेव्हाच वापरावं. फोटोतली व्यक्ती त्यावेळी 18 च्या आतली असेल तर त्यासाठी टेक इट डाऊन नावाची तशीच वेगळी सोय आहे, अमेरिकेतल्या एनसीएमईसी या संस्थेची. फक्त हे लक्षात ठेवा की फोटो थोडा कापला किंवा बदलला तर ठसा जुळेलच असं नाही, म्हणून जेवढ्या आवृत्त्या हाताशी असतील तेवढ्यांचे ठसे द्या.

कंपनीला तक्रार करताना नग्नता आणि मॉर्फिंग हे शब्द स्पष्ट लिहा, लाजू नका, कारण 2021 च्या आयटी नियमांनी अशा फोटोंसाठी आणि मॉर्फ करून केलेल्या तोतयेगिरीसाठी तक्रारीनंतर 24 तासांची मर्यादा घातली होती (फेब्रुवारी 2026 पासून ती 2 तासांवर आणली), आणि "माझा फोटो गैरवापर" असं मोघम लिहिलं की तक्रार साध्या रांगेत जाऊन पडते. तक्रार फोटोतल्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने दुसऱ्या कुणी केली तरी चालते, म्हणजे तिच्यात ताकद नसेल तर बहीण, मैत्रीण करू शकते.

2021 मध्ये सुली डील्स आणि जानेवारी 2022 मध्ये बुली बाई या नावांखाली मुस्लिम महिलांचे सोशल मीडियावरचे साधे फोटो उचलून त्यांचा "लिलाव" मांडला गेला होता, त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. एकही फोटो आक्षेपार्ह नव्हता. बुली बाईमध्ये मुंबई सायबर पोलिसांनी काही दिवसांत अटक केली, ती त्या बायका पुढे येऊन बोलल्या म्हणून. कुणी म्हणालं "असे फोटो टाकतेस म्हणून होतं", तर हे सांगा.

पोलिसांकडे जाताना

सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर महिला आणि मुलांसंबंधीच्या गुन्ह्यांसाठी वेगळा भाग आहे, त्यात नाव न देता पण तक्रार करता येते. पण नाव न देता केली तर तिचं पुढे काय झालं ते तुम्हाला बघता येत नाही, म्हणून शक्य असेल तर नाव देऊन करा आणि पोचपावतीचा नंबर जपा. आणि पोर्टलवर तक्रार केली म्हणजे एफआयआर झाला, असं नाही. हा गैरसमज खूप आहे, लोक महिनाभर वाट बघत बसतात.

पोलीस स्टेशनला गेलात आणि "आमच्या हद्दीत येत नाही" असं उत्तर आलं तर शांतपणे सांगा की 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. आयटी कायद्याचा तपास पीआय (पोलीस निरीक्षक) किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो (कलम 78), म्हणून अर्ज पीआयच्या नावाने लिहा, दोन प्रती न्या, एकीवर शिक्का घ्या. अर्जात कलमं तुम्हीच लिहिली पाहिजेत असं नाही, पण माहीत असलेली बरी, खासगी अवयवांचे फोटो असतील तर 66 ई, तुमची ओळख वापरून फसवणूक असेल तर 66 सी आणि 66 डी, लैंगिक कृत्याचे असतील तर 67 ए, मूल असेल तर 67 बी.

गूगलवरून गेला म्हणजे गेला, असं नाही

गूगल फक्त शोधातून काढतं, मूळ साईटवर फोटो तसाच राहतो. आधी साईटला सांगा, मग गूगलला. साईट दाद देत नसेल आणि फोटो खासगी असेल किंवा फोटोतली व्यक्ती 18 च्या आतली असेल तर मात्र थेट गूगलच्या फॉर्मवर जा, दोन्हींसाठी सोय आहे.

जिथून फोटो बाहेर जातात ती दारं

यातलं सगळ्यात मोठं दार म्हणजे लग्नाचा बायोडाटा. मुलीचे तीन फोटो, जन्मतारीख, वेळ, गाव, वडिलांचा नंबर, पगार, सगळं एका पीडीएफमध्ये आणि ती पीडीएफ वधू-वर ग्रुपवर. पाचशे लोकांच्या ग्रुपवर कोण आहे हे ॲडमिनला पण माहीत नसतं. पहिल्यांदा बिनफोटोचा बायोडाटा पाठवा, पत्रिका आणि बाकी जुळलं तर फोटो समोरच्या घरच्यांना थेट पाठवा, आणि फोटोवर मध्येच, चेहऱ्याजवळून, कुणाला पाठवला ते फिकट अक्षरात लिहा, "अमुक कुटुंबासाठी, तारीख". कोपऱ्यातला वॉटरमार्क दोन सेकंदात कापला जातो. आणि लग्न ठरलं की ग्रुपवाल्यांना सांगून बायोडाटा काढायला लावा, हे कुणीच करत नाही.

फेसबुक प्रोफाईल लॉक केलं तरी सध्याचा कव्हर फोटो सगळ्यांना दिसतो, म्हणून तिथे फॅमिली फोटो नको, किल्ल्याचा ठेवा. व्हॉट्सॲपचा डीपी फक्त कॉन्टॅक्ट्सना ठेवा. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपने गॅलरी मागितली तर ते ॲप तिथेच काढून टाका, आरबीआयच्या नियमांनुसार कर्ज ॲपना फोनमधले फोटो आणि कॉन्टॅक्ट बघायची परवानगीच नाही, जो मागतोय तो नियमात नाही.

आमच्या प्रकरणात नंतर कळलं की त्या पेजवाल्याने पण फोटो स्वतः चोरला नव्हता, त्याला तो एका होलसेलरच्या कॅटलॉग ग्रुपवर आला होता, म्हणजे अजून किती विक्रेत्यांकडे गेला असेल देव जाणे. म्हणून दर पंधरा दिवसांनी गूगल लेन्स आणि टिनआय दोन्हीकडे फोटो टाकून शोधत राहिलो. तिसऱ्या वेळी काहीच सापडलं नाही म्हणून बहीण म्हणाली एकदा फोटो आरशासारखा उलटा करून बघूया, आणि सापडला, दुसऱ्याच पेजवर, पार्श्वभूमी बदललेली, पण नथ डावीकडच्या ऐवजी उजव्या नाकपुडीत. या वेळी कुणी कमेंट केली नाही. लिंका घेतल्या, काकांनी फॉर्म भरला, मूळ फाईल जोडली आणि नथीबद्दल एक ओळ लिहिली की मराठी मुलगी नथ डावीकडे घालते, हा फोटो उलटा केलेला आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी तो उतरला.